पाणी गेलंय मोटरमध्ये

त्या गल्लीत तिला सगळे वाइंडरबाई म्हणायचे. जळालेल्या मोटरमधली तांब्याची तार उलगडून काढायची आणि नवी गुंडाळून द्यायची, हे तिचं मूळ काम. ते तिने वडिलांकडून उचललं होतं. पुढे घरोघरी बागेची विजेवर चालणारी मशीनं आली, गवत कापायची, कुंपण छाटायची, पाचोळा उडवायची, आणि ती बिघडली की लोक तिच्याकडेच आणू लागले. घराची पुढची खोली हेच दुकान. दाराजवळ नवरा बसायचा. गिऱ्हाइकांशी बोलायचा, सुटे भाग विकायचा, पावत्या फाडायचा. आतल्या बाजूला खिडकीखाली तिचं कामाचं टेबल. नवऱ्याला बोलल्याशिवाय राहवायचं नाही आणि तिला बोलण्याचा कंटाळा, त्यामुळे दोघांचं चांगलं जमून गेलं होतं.

तिची एक ख्याती होती. मशीन न उघडता, नुसता वास घेऊन आणि पातं हाताने फिरवून ती रोग सांगायची. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. नवा माणूस आला की नवरा हमखास सांगायचा, आमच्या हिला मशीन उघडायची गरजच नाही, फक्त नाक लावू द्या. ती वर न बघता ‘पुरे’ म्हणायची. पण त्याने खरंच पुरे केलं असतं तर तिला चुकल्यासारखं झालं असतं.

गवत जोमात वाढायच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. अशाच एका सकाळी वाचनालयाच्या व्यवस्थापक बाई आल्या आणि त्यांच्या मागून हातगाडी ढकलत माळीकाका. वाचनालयापुढे मोठी हिरवळ होती. लोक पुस्तकं घेऊन बाहेरच्या बाकांवर येऊन बसत. काकांची सगळी नोकरी त्या हिरवळीवरच झालेली. साठी केव्हाच उलटली होती, तरी कोणी त्यांना थांबा म्हटलं नव्हतं आणि त्यांनीही तो विषय काढला नव्हता.

मशीन चालता चालता बंद पडलं होतं, धूर निघाला होता. काकांनी ते गाडीवरून उतरवून आडवं केलं, तशी पत्र्याच्या कडेतून पाण्याची बारीक धार लागली आणि फरशीवर पसरली. रांगेतल्या एका बाईंनी पाय मागे घेतले. वाइंडरबाईने खाली वाकून वास घेतला, पातं अर्धा फेरा फिरवलं, नटांवरचा गंज नखाने खरवडून पाहिला. टेबलावर दुसऱ्याचं मशीन उघडं पडलं होतं आणि दाराशी आणखी दोघे खोळंबले होते.

“पाणी गेलंय मोटरमध्ये,” ती म्हणाली. “काका, हे रात्री बाहेर राहिलं होतं का?”

काका एकदम गोंधळले. त्यांनी मशीनकडे पाहिलं, मग व्यवस्थापक बाईंकडे.

“नाही,” ते म्हणाले. आणि थोडं थांबून, “नसावं.”

“नसावं म्हणजे?” व्यवस्थापक बाईंनी विचारलं.

मागे कोणीतरी हसलं. मागच्या महिन्यात आवारातला नळ रात्रभर वाहत राहिला होता, ते व्यवस्थापक बाईंनी तिथेच बोलून दाखवलं. वाइंडरबाईला खरं तर पुढचं काम उरकायचं होतं. पण सगळे तिच्याच तोंडाकडे बघत होते, आणि ती आणखी एक वाक्य बोलली. म्हणाली, “वयाप्रमाणे होतं असं. आत आणून ठेवलं असं वाटतं, आणि वस्तू तिथेच राहते.” हे काकांना सांभाळून घ्यायला म्हटलं की चारचौघांत शहाणपण दाखवायला, हा प्रश्न तिला त्या वेळी पडला नाही. तो नंतर पडला, आणि पडतच राहिला.

मोटरमधली तार नव्याने भरून घेण्यापेक्षा नवं मशीनच घेऊ, असं व्यवस्थापक बाईंनी ठरवलं. जुनं दुकानातच राहू दे, सुट्या भागांना उपयोगी पडेल, असं सांगून त्या गेल्या. काका मोकळी हातगाडी घेऊन त्यांच्या मागे गेले. जाताना त्यांनी फरशीवरचं पाणी पुसायला फडकं मागितलं होतं. नवरा राहू द्या म्हणाला, तरी त्यांनी ते पुसलं. वाइंडरबाईने मशीन मागच्या कोपऱ्यात ढकललं आणि दुपारपर्यंत सगळं विसरूनही गेली.

दोनेक महिन्यांनी वाचनालयाचं नवं मशीन दुकानात आलं. आणणारा माळी नवीन होता, तिशीतला, घरी दोन लहान पोरं असलेला, काळजीने बोलणारा माणूस. म्हणाला, मशीन फार लवकर तापतं, गवत जरा दाट आलं की कण्हायला लागतं, आणि काल तर जळका वास आला. वाइंडरबाईने नाक लावलं. वास होता, पण मोटर अजून शाबूत होती. तिने दुकानातल्या सॉकेटला लावून ते मागच्या मोकळ्या जागेत गवतावर चालवून पाहिलं. पातं धारदार, चाकं मोकळी, आवाज स्वच्छ. मशीनमध्ये काहीच खोट नव्हती.

तेव्हा तिने विचारलं, तिथे हे कशावर लावता? माळ्याने सायकलला अडकवलेल्या पोत्यातून वायरीचं एक भलं मोठं वेटोळं काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

ती वायर तिचीच होती. प्लगच्या मुळाशी पिवळी पट्टी तिरकी गुंडाळलेली होती, आणि तशी तिरकी पट्टी तिच्याशिवाय कोणी गुंडाळत नसे. वाचनालयाचं सॉकेट व्हरांड्यात आणि हिरवळ पार मागच्या भिंतीपर्यंत, म्हणून मागच्या वर्षी वाचनालयातून लांब वायर करून मागितली होती. त्या दिवशी दुकानात जाड वायर संपली होती. टेबलावरच्या दिव्याला लावतात तसली बारीक वायर तेवढी शिल्लक होती, आणि वाचनालयाचा माणूस दाराशी उभा होता. सध्या ही चालू द्या, जाड आली की बदलून देते, असं तिने म्हटलं होतं. म्हटलं होतं तेही मनातल्या मनात. त्या माणसाला ती काही बोललीच नव्हती.

आता तिने ती वायर बोटांत धरून वाकवली. वरचं आवरण कडक झालं होतं आणि जागोजाग एकमेकाला चिकटलं होतं. लांब, बारीक वायरीतून वीज पोचेपर्यंत तिचा जोर उतरतो. मोटरला गवत तर तेवढंच कापायचं असतं, मग ती जास्त ओढ घेते, तापते, आणि तापता तापता एक दिवस तिच्या तारेवरचा लेप जळून जातो. तिला हे चालायला लागल्यापासून माहीत होतं म्हटलं तरी चालेल. तिचे वडील जेवताना असल्याच गोष्टी बोलायचे.

आधीचे काका कसे आहेत, हे तिने जमेल तितकं सहज विचारलं. माळी म्हणाला, ते आता येत नाहीत. म्हणजे कोणी काढलं नाही त्यांना. मशीन जळालं त्यानंतर आठ-दहा दिवसांनी आपणच येऊन सांगून गेले, की आता माझ्याच्याने लक्षात राहत नाही, उद्या एखादं पातं चालू ठेवून निघून जाईन आणि कोणाचा पाय जाईल. लेकीने घरीच बसवलंय म्हणतात. चांगला माणूस होता, असं तो म्हणाला, जणू काका वारलेच होते.

वायर तिच्याकडेच ठेवून तो गेल्यावर तिने कोपऱ्यातलं जुनं मशीन ओढून टेबलावर घेतलं आणि दोन महिन्यांपूर्वी जे करायला हवं होतं ते केलं. मोटर उघडली. पाणी शिरून मेलेली मोटर एखाद्याच जागी जळालेली असते, आत गंजाचे डाग असतात, जोडांवर हिरवट पूड धरलेली असते. इथे तसलं काहीच नव्हतं. बेअरिंग लखलखीत होतं. तारेचे सगळे वेढे मात्र एकसारखे, सगळीकडून, कोळशासारखे काळे झाले होते. ही मोटर दमून मेली होती.

नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. तो समजूत घालू लागला. वायर बदलून दे, तीही फुकट, जाड वायर मी स्वतः पोचवून येतो, पण जुनं उकरून काय मिळणार, असं त्याचं म्हणणं होतं. लोक आपल्याकडे कशावर येतात, तर तुझ्या शब्दावर. तो माणूस म्हातारा आहे, आज ना उद्या घरी बसणारच होता. हे शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो उठून दुकानाचं दार लावायला गेला.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात गेली. जाताना मनाशी वाक्यं जुळवली होती. पण व्यवस्थापक बाईंच्या टेबलासमोर बसल्यावर त्यांतली अर्धीच तोंडातून बाहेर आली. ती म्हणाली, जुनं मशीन मी उघडून पाहिलं. ते पाण्याने जळालं नव्हतं. वायर बारीक होती, तिच्यामुळे जळालं.

व्यवस्थापक बाईंनी चष्मा वर सरकवला. “म्हणजे वायरसुद्धा धड आणली नव्हती काकांनी,” त्या म्हणाल्या. “बघा. आणि मी उगाच वाईट वाटून घेत होते.”

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. वायर मी केली, एवढे तीन शब्द. ते जिभेवर आलेही. पण बाजूच्या टेबलावरची कारकून मुलगी मान वर करून ऐकत होती, दारात पुस्तक बदलायला दोघेजण उभे होते, आणि वाइंडरबाईने नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलवली की निरोप घ्यायला, हे समोरच्यानेच ठरवावं अशी. मग जाड वायर पाठवते असं म्हणून ती उठली. फाटकातून बाहेर पडताना तिचे कान इतके तापले होते, की कोणीतरी आत्ताच तिच्या मुस्कटात दिली असावी. ती काकांच्या डोक्यावरचा आळ उतरवायला गेली होती आणि आणखी एक चढवून आली होती.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, सांगून आलीस ना? ती हो म्हणाली. जेवताना नवरा कुठल्याशा गिऱ्हाइकाची गंमत सांगत होता, ती तिने ऐकली आणि योग्य जागी हसलीही. ते हसणं तिला स्वतःलाच ऐकवेना. ताट अर्धं ठेवून ती उठली आणि भांडी घासायला लागली.

पुढच्या दिवशी दुपारी तिने जळालेली मोटर एका कापडी पिशवीत घातली, त्या वायरीचा हातभर तुकडा कापून घेतला, आणि माळ्याला विचारून काकांचं घर शोधत गेली. दुसऱ्या मजल्यावरचं घर. दोन खोल्या आणि खिडकीत चार कुंड्या. काकांनी दार उघडलं, तिला ओळखलं आणि त्यांचा चेहरा खुलला. या या, म्हणाले. घरात कोणी नव्हतं. लेक औषधाच्या दुकानात कामाला होती आणि नात शाळेत.

ते चहा करायला उठले, स्वयंपाकाच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथेच थबकले. मग ओशाळं हसत परत आले. चहा लेक आली की होईल, म्हणाले. तिने तिकडे पाहिलं. गॅसच्या शेगडीचे फिरवायचे खटके काढून घेतलेले होते. खटक्यांच्या जागी नुसत्या बारीक दांड्या उघड्या दिसत होत्या.

“लेक घेऊन जाते बरोबर,” काका म्हणाले. “बरोबरच आहे तिचं. माझा काय भरवसा?”

मग त्यांनी आपणहून सगळं सांगितलं, तक्रार केल्यासारखं नाही, एखाद्या शेजाऱ्याची हकीकत सांगावी तसं. मशीन बाहेर ठेवल्याचं त्यांना काही केल्या आठवत नव्हतं. आत ठेवल्याचं मात्र स्पष्ट आठवत होतं, दाराच्या कडीसकट. म्हणून ते जास्तच घाबरले. न आठवणं एक वेळ चालतं, पण जे घडलंच नाही ते इतकं लख्ख आठवायला लागलं तर माणसाने कशावर विसंबायचं? त्यांनी लेकीला सांगितलं. लेकीने डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, या वयात अशी सुरुवात होऊ शकते, लक्ष ठेवा. तेव्हापासून नातीला शाळेतून आणायचं काम शेजारच्या बाईंकडे गेलं.

“एका अर्थी तुमचे उपकारच झाले, बाई,” ते म्हणाले. “तुम्ही बोललात म्हणून वेळेवर कळलं. नाहीतर मी भलतंच काही करून बसलो असतो.”

वाइंडरबाईला मांडीवरची पिशवी एकाएकी इतकी जड झाली, की ती तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर तिने त्या ऐकून घेतल्या असत्या. आभार ऐकायची तयारी करून ती आली नव्हती. काका कुंड्यांबद्दल बोलत राहिले. जिन्यात पावलं वाजली, शेजारच्या बाईंनी नातीला दारात सोडलं. मुलगी सात-आठ वर्षांची असेल. तिने आजोबांना विचारलं, तुम्ही आज जेवलात ना? हे विचारायला तिला सांगून ठेवलेलं दिसत होतं. काका हो म्हणाले, आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यात जाऊन उष्टं ताट आहे की नाही ते बघून आले.

थोड्या वेळाने लेक आली. दमलेली, हातात सामानाची पिशवी, तोंडावर पाहुण्यांसाठी आणलेलं हसू. तिने पर्समधून खटके काढले आणि ती ते शेगडीला बसवायला वळली, तेव्हा वाइंडरबाई म्हणाली, “चहा नको. आधी माझं ऐकून घ्या. काका काहीही विसरले नव्हते.”

तिने मोटर काढून टेबलावर ठेवली. तो वायरीचा तुकडा शेजारी ठेवला. काळे वेढे दाखवले, स्वच्छ बेअरिंग दाखवलं, पाण्याने जळालं असतं तर काय दिसलं असतं ते सांगितलं. वायर कोणी केली तेही सांगितलं. मोटर न उघडताच निदान केलं हेही. बोलताना तिची नजर टेबलावरून वर गेली नाही. शेवटी काल वाचनालयात काय झालं ते सांगायची वेळ आली. ते तिने गाळलं असतं तरी इथे कोणाला कळलं नसतं. पण एकदा सुरुवात झाल्यावर तिला थांबता येईना. आपण तिथे कशी मान हलवली हेसुद्धा तिने सांगून टाकलं.

लेक उभीच होती. खटके अजून तिच्या मुठीत होते.

“मी पोरीचा हात बाबांच्या हातातून काढून घेतला, ताई,” ती म्हणाली. “रोज शाळेच्या वेळेला ते चपला घालून दारापाशी बसायचे आणि मी त्यांना सांगायचे, बाबा, तुम्ही जायचं नाहीये. लहान मुलाला सांगतात तसं. आणि तुम्ही नुसता वास घेतला होता?”

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. वाइंडरबाई हो म्हणाली.

काका मात्र मोटर हातात घेऊन बघत होते. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, आत बोट घालून पाहिलं, बोटाला आलेली काजळी पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं वाइंडरबाईला वाटलं होतं. तो दिसला नाही. ते वकिलासारखी उलटतपासणी घेऊ लागले.

“मग पाणी कुठून आलं?” त्यांनी विचारलं. “तुमच्या दुकानात मशीन आडवं केलं तेव्हा पाणी आलं. सगळ्यांनी पाहिलं. मीच पुसलं ते.”

“माहीत नाही,” ती म्हणाली. नात दप्तर तसंच पाठीवर घेऊन एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. काका खिडकीपाशी उभे राहून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते, नळ, विटा, खराटा, असे सुटे शब्द. मग एकदम वळले.

“मी धुतलं होतं,” ते म्हणाले. “बंद पडल्यावर. खाली सगळं गवत माखलं होतं. तसलं घाण मशीन तुमच्या दुकानात कसं आणायचं, म्हणून सकाळी नळाखाली धरून धुतलं. विटांवर तिरकं ठेवलं होतं निथळायला.”

“बाबा, मग तेव्हाच का नाही सांगितलं?” लेकीने विचारलं.

“कोणी विचारलं नाही,” काका म्हणाले. “त्यांनी विचारलं ते बाहेर राहिलं होतं का म्हणून. तेच डोक्यात बसलं.”

लेक खाली बसली आणि तिने तोंडावर पदर ओढावा तसे दोन्ही हात ओढले. काका तिच्याजवळ गेले नाहीत. ते वाइंडरबाईसमोर येऊन उभे राहिले, आणि तेव्हा कुठे त्यांच्या तोंडावर राग आला. दोन महिने ज्या माणसाला रागावण्याचाही हक्क उरला नव्हता, त्याचा तो राग होता, थोडा अवघडलेला.

“तुम्ही ते चारचौघांत बोललात,” ते म्हणाले. “हेही चारचौघांतच बोला.”

वाचनालयात सुट्टीच्या दिवशी सकाळी सर्वांत जास्त गर्दी असते. ती त्या दिवशी गेली. नवऱ्याला आदल्या दिवशी खरं सांगून टाकलं होतं. तो बरोबर येतो म्हणाला, तिने नको म्हटलं, तरी तो आला आणि फाटकाशी थांबला. आत व्यवस्थापक बाई देवघेवीच्या टेबलापाशीच उभ्या होत्या, समोर रांग होती. वाइंडरबाई रांगेच्या बाजूला उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. वायर मी केली होती. काकांनी आणली नव्हती. बारीक वायर दिली ती मी, आणि मशीन न उघडता काकांवर ढकललं तेही मी. परवा तुम्ही काकांना बोल लावलात तेव्हा मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. बोलताना मध्ये एकदा तिचा आवाज फाटला, म्हणून तिने ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, जे रोज काकांशी बाकावर बसून बोलत असणार, पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि तिच्याकडे असं पाहिलं, की ती नजर तिला फाटकापर्यंत पाठीवर जाणवत राहिली.

व्यवस्थापक बाईंचा चेहरा पडला होता, आणि तो तिच्यासाठी पडला नव्हता हे तिला समजत होतं. त्या दिवशी संध्याकाळी त्या स्वतः काकांच्या घरी गेल्या. परत या, म्हणाल्या. काकांनी नकार दिला. नव्या माळ्याला दोन पोरं आहेत, त्याला उठवून मी तिथे बसायचं का, असं त्यांनी विचारलं. हिरवळीवर पुस्तक वाचायला येईन, म्हणाले. आणि ते येऊ लागले. त्यांना तिथे बसलेलं पाहून नवा माळी अधूनमधून कुंड्यांबद्दल विचारायचा, असं जाड वायर नीट चालतेय का ते बघून आल्यावर नवऱ्याने सांगितलं.

दुकानावर परिणाम झाला आणि नाहीही. काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. बहुतेक येत राहिली. ती आता मशीन उघडल्याशिवाय बोलत नाही. त्यामुळे कामाला वेळ लागतो आणि लोक कुरकुरतात. एका नव्या गिऱ्हाइकाला नवरा नाकाची गोष्ट सांगायला लागला होता, मध्येच थांबला आणि त्याने पावतीचं पुस्तक चाळायला घेतलं. त्याचं ते थांबणं तिला सगळ्यात जास्त लागलं.

महिनाभराने ती पुन्हा काकांच्या घरी गेली. कशाला, हे तिला नीट सांगता आलं नसतं. माफी मागून झाली होती आणि ती मिळाली की नाही हे कोणी बोललं नव्हतं. कदाचित घर आता पूर्ववत झालेलं डोळ्यांनी बघायचं असेल. जिन्यात लेक भेटली, दुपारी जेवून पुन्हा कामावर निघालेली. तुटक पण सभ्यपणे बोलली. शेगडीचे खटके आता जागेवर आहेत, म्हणाली. नातीला बाबाच आणतात, शाळा सुटायच्या बऱ्याच आधीपासून फाटकाशी जाऊन उभे राहतात. मग म्हणाली, पण ताई, आता ते मला शाळेच्या फाटकातून फोन करून विचारतात, ‘मी गॅस बंद केला होता ना?’ मी तर घरी नसते. मी काय सांगणार?

वर काकांनी दार उघडलं. या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. तिने विचारलं, बरे आहात ना? ते म्हणाले, बरा आहे. तिला वाटलं, ते काहीतरी बोलतील. ते एवढंच म्हणाले, “नातीला आणायला निघायचंय,” आणि त्यांनी दार लावून घेतलं, हळूच, आवाज होणार नाही असं.

आतून कडी लागल्याचा आवाज आला. ती जिन्याकडे वळली. दोन पायऱ्या उतरली असेल नसेल, तोच मागे कडी निघाली, दार मात्र उघडलं नाही, आणि कडी पुन्हा लागली. ती तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. थोड्या वेळाने कडी परत एकदा वाजली.